ऐकणाऱ्यांचे चेहरे

चकल्या-करंज्यांच्या ताटात कोणी केकचा तुकडा आणून ठेवावा, तसा हा विषय काही वाचकांना वाटेल. साठीच्या दशकातले अमेरिकन आणि इंग्रज रॉक संगीत, आणि त्याच्या जलशांवर निघालेले चित्रपट! केस वाढवलेल्या पोरांचा तो गोंगाट. त्यात पाहावयाचे काय आणि त्यावर लिहावयाचे काय? हा प्रश्न माझ्याही मनात होता. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत भाच्याने हे चित्रपट मला एकामागून एक दाखवले. पहिल्या दिवशी मी केवळ त्याचे मन राखण्यासाठी बसलो होतो. तिसऱ्या रात्री तो लोडाला टेकल्या टेकल्या झोपी गेला, आणि मी मात्र एकटाच पाहत बसलो.

झाले ते असे. त्या गाण्यांचे शब्द मला निम्मेशिम्मेच कळत होते. गिटारीचा कोणता हात चांगला आणि कोणता सामान्य, हेही मला सांगता येत नव्हते. साहजिकच माझी नजर गाणाऱ्यावरून निसटून ऐकणाऱ्यांवर जाऊ लागली, आणि मग हळूहळू ध्यानात आले की, हे चित्रपट काढणाऱ्यांचीही नजर तेथेच होती! ह्या चित्रपटांचा खरा नायक गायक नव्हे, श्रोता आहे. ज्या दिग्दर्शकाने श्रोत्याच्या चेहऱ्याकडे प्रामाणिकपणे पाहिले, त्याचा चित्रपट अर्धशतक उलटून गेल्यावरही ताजा वाटतो. पण गोष्ट येथेच संपत नाही. कोणाचे चेहरे पडद्यावर आणावयाचे आणि कोणाचे तळघरात ठेवावयाचे, ह्यावरून एका सबंध काळाची आठवण ठरत गेली. माझ्या मते ह्या चित्रपटांचा विचार करताना विसरू नये अशी गोष्ट हीच.

प्रथम थोडे यंत्राविषयी. पूर्वीचा चित्रपटाचा कॅमेरा म्हणजे तिकाटण्यावर बसलेले अवजड धूड. १९६० च्या सुमारास रिचर्ड लीकॉक, डी. ए. पेनिबेकर आणि मेझल्स बंधू ह्या मंडळींनी खांद्यावर घेऊन हिंडता येईल असा, आवाजाशी बरोबर जुळणारा कॅमेरा हाती घेतला. त्याच्या एका रिळात चित्रीकरण मावे ते अवघे अकरा मिनिटांचे. म्हणजे काय टिपावयाचे आणि काय सोडावयाचे हे गर्दीत उभ्या असलेल्या माणसाने क्षणाक्षणाला ठरवावयाचे. त्याची नजर हीच त्या चित्रपटाची पटकथा.

ह्या नजरेचे सर्वांत सुंदर फळ म्हणजे पेनिबेकरचा ‘मॉन्टेरे पॉप’. १९६७ च्या जून महिन्यात कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे येथे तीन दिवस जलसा झाला. चित्रपट आला १९६८ मध्ये. जेमतेम ऐंशी मिनिटांचा हा चित्रपट, आणि त्यातली सुमारे अठरा मिनिटे दिली आहेत ती आपल्या रविशंकरांना! साथीला तबल्यावर अल्लारखा आणि तानपुऱ्यावर कमला चक्रवर्ती. परंतु गंमत अशी की, सतार ऐकू येऊ लागली तरी पहिली काही मिनिटे सतारिया दिसतच नाही. दिसतात ते मैदानातले लोक. कोणी पेंगतो आहे, कोणी फिरतो आहे, कोणी नुसताच आकाशाकडे पाहतो आहे. मग खुर्च्यांवर बसलेले श्रोते दिसतात, आणि त्यांच्यात जिमी हेन्ड्रिक्स! ज्या गिटारवादकाने त्याच जलशात आपले वाद्य रंगमंचावर पेटवून दिले, तो येथे एखाद्या शहाण्या विद्यार्थ्यासारखा ऐकत बसला आहे. पुढे लय वाढत जाते, सतार आणि तबला एकमेकांना गाठू लागतात, आणि शेवटी सगळे लोक उठून उभे राहतात. मैफलीत जागा साधली की शेजारच्या अनोळखी माणसाकडे पाहून आपण मान डोलावतो ना, तेच ते क्षण. मला दुभाष्याची गरज पडली नाही.

आता ह्यातली कात्रीची करामत पाहा. प्रत्यक्षात रविशंकरांचे वादन झाले रविवारी दुपारी आणि हेन्ड्रिक्सने गिटार जाळली ती त्याच रात्री. पेनिबेकरने क्रम उलटा केला: आग आधी, सतार शेवटी. ज्या संस्कृतीत दसऱ्याला वाद्यांवर फूल वाहतात, तिच्यात वाढलेल्या रविशंकरांना तो वाद्य जाळण्याचा प्रकार फार लागला होता, असे त्यांनी पुढे सांगितले आहे. चित्रपट मात्र त्या आगीवर शेवटी सतारीचे पाणी शिंपडतो. हे खोटे आहे काय? घड्याळाच्या हिशेबाने खोटेच आहे. परंतु ज्या शांततेपर्यंत त्याला श्रोत्यांना न्यावयाचे होते, तिच्यासाठी त्याने हा खोटेपणा पत्करला. कादंबरी लिहिणाऱ्याला ही लबाडी ओळखीची आहे. मी तरी त्याला दोष देणार नाही. मात्र पाहणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवावे की, ह्या चित्रपटांतला ‘प्रत्यक्ष’ हा शब्द नेहमीच चिमटीत धरून घ्यावयाचा असतो. जेनिस जॉप्लिन ह्या गायिकेचे पहिले गाणे चित्रित झालेच नव्हते. केवळ कॅमेऱ्यासाठी तिला दुसऱ्या दिवशी पुन्हा उभे राहावे लागले. तरीसुद्धा चित्रपटात तिचे गाणे ऐकताना दुसरी एक नामवंत गायिका, कॅस इलियट, थक्क होऊन तोंडाचा चंबू करते, तो चेहरा पाहून मत्सराशिवाय दाद देणे म्हणजे काय, हे कळते.

श्रोत्यांचे अज्ञानही ह्या कॅमेऱ्यांनी लपवले नाही. १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कमध्ये बांगलादेशच्या निर्वासितांसाठी जॉर्ज हॅरिसन आणि रविशंकर यांनी जलसा केला. त्याच्या चित्रपटात रविशंकर आणि अली अकबर खाँ वाद्ये जुळवून घेतात आणि तेवढ्यावरच टाळ्यांचा कडकडाट होतो! जुळवणीच एवढी आवडली असेल तर वादन त्याहून आवडावे, अशा अर्थाचे काहीतरी रविशंकर हसत हसत बोलतात. आपण हसतो, पण त्या टाळ्यांत टिंगल नाही, एक भाबडी उत्सुकता आहे, हेही दिसते.

‘वुडस्टॉक’ हे ह्या सर्वांत गाजलेले नाव. ऑगस्ट १९६९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या बेथेल येथील एका गवळ्याच्या शेतावर चार लाखांहून अधिक माणसे जमली. मायकेल वॉडली यांचा तीन तासांचा चित्रपट १९७० मध्ये आला आणि त्याला ऑस्कर पारितोषिकही मिळाले. त्याच्या संकलनाला थेल्मा स्कूनमेकर आणि मार्टिन स्कोर्सेसी ही पुढे फार मोठी झालेली दोन माणसे होती. पडद्याचे दोन-दोन, तीन-तीन भाग करून गायक आणि गर्दी एकाच वेळी दाखवण्याची त्यांची युक्ती प्रथम चकित करते आणि तासाभराने दमवते. पावसात, चिखलात लोळणाऱ्या तरुणांचे कौतुक तर अंमळ जास्तच आहे. रविशंकर तेथेही वाजवून गेले होते. त्यांना त्या दृश्याने आपल्याकडच्या चिखलात बसलेल्या म्हशींची आठवण झाली! त्यांचे वादन त्या मूळ चित्रपटात नाही.

पण ह्या अवाढव्य चित्रपटात एक माणूस आहे, त्याच्यासाठी मी तो पुन्हा पाहीन. तो गायक नाही, श्रोताही नाही. तो तेथले फिरते संडास साफ करणारा आहे. काम करता करता तो प्रसन्नपणे बोलतो. त्याचा एक मुलगा ह्याच जलशाला आलेला आहे आणि दुसरा तिकडे व्हिएतनामच्या युद्धात हेलिकॉप्टर चालवतो आहे. एवढेच सांगतो आणि पुढच्या संडासाकडे वळतो. त्या काळी अमेरिका आतून कशी चिरलेली होती, ह्यावर मोठमोठी पुस्तके निघाली आहेत. ती चीर ह्या बापाच्या एका घरातून गेलेली आहे, आणि दोन्ही मुलांविषयी त्याच्या आवाजात सारखीच माया आहे. कॅमेरा तेथे थांबला, ही दिग्दर्शकाची पुण्याई.

आता जड मनाने ‘गिमी शेल्टर’कडे वळतो. ६ डिसेंबर १९६९ रोजी कॅलिफोर्नियातील आल्टामाँट येथे मोटारशर्यतीच्या मैदानावर रोलिंग स्टोन्स ह्या इंग्रज मंडळींचा मोफत जलसा झाला. रंगमंचाच्या राखणीला ‘हेल्स एंजल्स’ ही मोटारसायकलवाल्यांची दांडगट टोळी उभी होती. जलसा चालू असतानाच मेरेडिथ हंटर ह्या अठरा वर्षांच्या कृष्णवर्णीय तरुणाला त्या टोळीतल्या एकाने भोसकून मारले. हंटरच्या हातात पिस्तूल होते. मारणारा पुढे खटल्यात आत्मसंरक्षणाच्या मुद्द्यावर सुटला. मेझल्स बंधूंच्या कॅमेऱ्यात ती हत्या सापडली होती.

अशा वेळी चित्रपट काढणाऱ्याने काय करावे? डेव्हिड आणि अल्बर्ट मेझल्स आणि त्यांची सहदिग्दर्शिका शार्लट झ्वेरिन यांनी एक विलक्षण गोष्ट केली. त्यांनी गायक मिक जॅगर याला संकलनाच्या टेबलाशी बसवले आणि ते दृश्य दाखवले. मागे घेऊन, पुन्हा सावकाश दाखवले. ज्याच्याकडे लाखो लोक पाहत होते, त्याला एकदा पाहणारा केले! त्याच्या चेहऱ्यावर काय उमटते ते आपण शोधत राहतो, आणि फारसे काही हाती लागत नाही. जलशातले चेहरे मात्र विसरता येत नाहीत. रंगमंचाजवळ रडत मान हलवणारी एक मुलगी, गायकाकडे तुच्छतेने रोखून पाहणारा टोळीतला एक जण, आणि ह्या सगळ्या गदारोळात रंगमंचावरून निवांतपणे चालत जाणारा एक कुत्रा.

अमेरिकेतल्या प्रसिद्ध समीक्षिका पॉलीन केल यांनी ह्या चित्रपटावर कडक टीका केली. जी घटना चित्रीकरणाच्या आधाराने उभी राहते, तिच्यातल्या रक्ताविषयी चित्रपट काढणाऱ्याला नामानिराळे राहता येईल काय, असा त्यांच्या टीकेचा रोख होता. मला हा प्रश्न रास्त वाटतो. पण माझी तक्रार निराळी आहे. ह्या चित्रपटाने जॅगरचा चेहरा वारंवार तपासला. हंटर मात्र आपल्याला दिसतो तो त्याच्या हिरव्या सुटावरून. तो कोण होता, कोणाचा होता, हे कळत नाही. चित्रपट त्याच्या आईच्या दाराशी जात नाही. गर्दीतला श्रोता नायक झाला, असे मी वर म्हटले. येथे एक श्रोता मेला, आणि कॅमेरा गायकाला विचारत बसला की, तुला काय वाटले?

त्याच वर्षीच्या जानेवारीत, ३० तारखेला, लंडनमध्ये बीटल्स मंडळी आपल्या कचेरीच्या गच्चीवर चढून गायली. श्रोते खाली रस्त्यावर, माना वर करून! कॅमेरेवाले त्यांना विचारत हिंडतात. कोणी खूश, कोणी धंद्याचा खोळंबा झाला म्हणून संतापलेला. त्या महिन्याच्या चित्रीकरणातून १९७० मध्ये ‘लेट इट बी’ निघाला, आणि मंडळी फुटल्याची बातमी ताजी असल्याने लोकांनी त्यात भांडणच पाहिले. पुढे त्याच सुमारे साठ तासांच्या चित्रीकरणातून पीटर जॅक्सन यांनी २०२१ मध्ये जवळजवळ आठ तासांचा ‘गेट बॅक’ काढला. त्यात तीच माणसे हसत-खिदळत, चहा पीत गाणी रचताना दिसतात. माणसे तीच, महिना तोच. फरक पडला तो टेबलाशी बसून निवड करणाऱ्याचा.

आणि जे टेबलापर्यंत पोहोचलेच नाही, त्याचे काय? १९६९ च्या त्याच उन्हाळ्यात, वुडस्टॉकपासून शंभरएक मैलांवर, न्यूयॉर्क शहरातल्या हार्लेम ह्या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत सहा रविवार संगीताचा उत्सव झाला. स्टीव्ही वंडर, नीना सिमोन, महेलिया जॅक्सन अशी थोर मंडळी गायली. हॅल टलचिन ह्या गृहस्थांनी तो चित्रित केला. दिव्यांना पैसे नव्हते, म्हणून उन्हाचा उजेड मिळावा अशा बेताने रंगमंचाचे तोंड पश्चिमेला केले होते. ह्यातला थोडा भाग तेव्हा दूरचित्रवाणीवर दिसला. मोठा चित्रपट काढावयास मात्र कोणी पुढे येईना, आणि सुमारे चाळीस तासांचे चित्रीकरण टलचिन यांच्या तळघरात पडून राहिले. त्यातून क्वेस्टलव्ह ह्या संगीतकाराने काढलेला ‘समर ऑफ सोल’ आला २०२१ मध्ये. टलचिन २०१७ मध्येच वारले होते.

रॉकपेक्षा हे संगीत निराळे, चर्चच्या भजनांतून उगवलेले. पण काळ तोच आणि श्रोतेही त्याच देशाचे. आजीच्या मांडीवर नातू, खांद्यावर मूल घेतलेला बाप, ठेवणीतले कपडे घातलेल्या बायका: घरचे सारे मिळून जत्रेला आल्यासारखे. २० जुलैला माणूस चंद्रावर उतरला. त्याविषयी वार्ताहर विचारतो तेव्हा ही मंडळी सांगतात की, तो पैसा येथल्या गरिबांवर खर्च झाला असता तर बरे झाले असते. चित्रपटात दोष आहेत. गाणे रंगात येते न येते तोच कोणीतरी जाणकार येऊन बोलू लागतो, आणि आपल्याला वाटते, बाबा, जरा थांब, गाणे होऊ दे! परंतु शेवटी लहानपणी त्या उत्सवाला गेलेला एक गृहस्थ हे चित्रीकरण पाहून रडतो. इतकी वर्षे ती आठवण खरी की आपल्याच मनाचा खेळ, ह्याची त्याला खात्री उरली नव्हती. कोणी दाखवलेच नाही तर माणसाला स्वतःचे बालपणही खरे वाटेनासे होते! वुडस्टॉकला गेलेल्या कोणावर ही पाळी आली नसेल.

आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात आता प्रत्येक पालकाच्या हाती फोन असतो आणि सगळे फोन रंगमंचाकडे. मागे, पडद्याच्या दोऱ्या धरणारा शिपाई आणि सर्वांत शेवटच्या रांगेत टाचा उंचावून नातीला शोधणारी आजी कोणाच्याच चित्रात नसते. यंदा एका मुलाला मी रंगमंचाकडे पाठ करून उभा करणार आहे.

भाचा ह्याही सुट्टीत येतो आहे. चित्रपटांचा क्रम मात्र ह्या वेळी मी ठरवणार: आधी हार्लेम, मग मॉन्टेरे, फराळाबरोबर बीटल्सची गच्ची, आणि वुडस्टॉक दोन बैठकांत. ‘गिमी शेल्टर’ लहान मुले निजल्यावर मोठ्यांनी पाहावा, आणि पाहून झाल्यावर थोडा वेळ दिवा न लावता बसावे.