गंगा कुठल्या रकान्यात लिहायची?

मागच्या आठवड्यात एका ज्युनिअरने मेसेज फॉरवर्ड केला : ‘तीर्थयात्रेने तब्येत सुधारते, विज्ञानाने सिद्ध!’ त्यात उल्लेख होता तो पेपर मी वाचलेला होता, म्हणून म्हटलं आज तोच घेऊ. पीएच.डी.च्या मुलाखतीची तयारी करत असाल तर कामाला येईल.

पेपर ‘प्लॉस वन’मधला, २०१२चा, श्रुती तिवारी, स्टीफन रायचर आणि सहकाऱ्यांचा. विषय प्रयागचा माघमेळा. तिथे कल्पवासी महिनाभर गंगेकाठी तंबूत राहतात. ऐन थंडीत नदीत स्नान, साधं जेवण, सतत लाउडस्पीकर. डॉक्टर नको म्हणतील असंच सगळं! संशोधकांनी ४१६ कल्पवासी आणि मेळ्याला न गेलेले १२७ जण घेतले. मेळ्याच्या आधी आणि नंतर दोघांनाही तब्येतीबद्दल विचारलं. न गेलेल्यांच्या तुलनेत कल्पवाशांच्या उत्तरांत सुधारणा दिसली.

पेपर चांगला आहे, हे आधीच सांगतो. तुलनेचा गट आहे, आधीची मोजणीही आहे. पण कोणी जायचं हे काही चिठ्ठ्या टाकून ठरलेलं नाही. ज्याचे गुडघे चालतात, ज्याच्या घरी मागचं बघायला कोणी आहे, तोच महिनाभर जाऊ शकतो. आधीची मोजणी ही तफावत थोडी भरून काढते, पूर्ण नाही.

लेखक कारण सुचवतात ते ‘आपण सगळे एक’ या भावनेचं. इथे मला इरावती कर्वे आठवतात. ‘परिपूर्ती’मधल्या ‘वाटचाल’ या लेखात त्या वारीबरोबर चालतात. विठोबा एकच, पण ब्राह्मण आणि मराठे वेगळे चालतात, वेगळे जेवतात, आणि बाई अस्वस्थ होतात. नमुना एकाचाच, मान्य. पण ४१६ जणांच्या सरासरीत अशी पंगत दिसेल का? आणि ‘बरं वाटणं’ हेच मोजायचं, हे तरी कोणी ठरवलं? माझी आजी दर आषाढीला पंढरीला जायची. तिला प्रश्नावली दिली असती तर म्हणाली असती, “बरं वाटावं म्हणून जातो होय रे आम्ही?”

माझा मुख्य आक्षेप मात्र रचनेवर आहे. शीर्षक नीट वाचा. आधी येतात ‘मोठे जमाव’. यात्रा येते ती डेटा कुठला हे सांगायला. जो गेला त्याला नदी मिळाली, गर्दी मिळाली, दिनक्रम मिळाला, घरच्या कटकटीतून सुट्टीही मिळाली. यातलं काय लागू पडलं? दोन गटांत ते सुटं करता येत नाही. तिसरा गट हवा : तेवढेच दिवस, तशीच थंडी, तसेच तंबू, तशीच गर्दी, पण गंगा नाही.

असा गट कुठे मिळेल? मला एकच सुचला, २०२०-२१ च्या हिवाळ्यात सिंघू सीमेवर तळ ठोकून बसलेले शेतकरी. पण तिथेही लंगर होताच की! तुम्हाला दुसरा सुचला तर खाली लिहा.