ड्यूकचं हर्बेरियम आणि विद्यापीठाची जबाबदारी

आज आम्ही एका निर्णयाची चिकित्सा करणार आहोत. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या ड्यूक विद्यापीठाने फेब्रुवारी 2024 मध्ये आपलं हर्बेरियम बंद करत असल्याचं जाहीर केलं. हर्बेरियम म्हणजे वाळवून, दाबून कागदावर लावलेल्या वनस्पतींचा संग्रह. ड्यूकचा संग्रह 1921 पासूनचा आहे आणि त्यात सुमारे सव्वाआठ लाख नमुने आहेत. नेचे, मॉस आणि लायकेन यांसाठी तो नावाजलेला आहे. लायकेन म्हणजे आपल्या गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाचं कूळ.

आधी विद्यापीठाची बाजू नीट मांडू. जागा जुनी झाली आहे, सुधारणेला मोठा खर्च येईल, जाणकार प्राध्यापक निवृत्तीच्या जवळ आहेत. नमुने फेकून देणार नाही, दोन-तीन वर्षांत त्यांची चांगली निगा राखतील अशा संस्थांकडे पाठवू, असं विद्यापीठ म्हणतं. ऐकायला हे वाजवी वाटतं. पण या युक्तिवादात तीन ठिकाणी गडबड आहे.

पहिली गडबड किंमत ठरवण्यात. आज या संग्रहावर किती प्रकल्प चालू आहेत, किती अनुदान येतं, एवढंच मोजलं तर संग्रह तोट्यातच दिसणार. पण संग्रहाचा उपयोग बहुतेक वेळा गोळा करणाऱ्याच्या हयातीत होतच नाही. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले जोसेफ ग्रिनेल यांनी 1910 मध्येच लिहून ठेवलं होतं की आपल्या संग्रहाची खरी किंमत कळायला कदाचित शंभर वर्षं लागतील. झालंही तसंच. त्यांनी योसेमिटीत नोंदवलेल्या लहान सस्तन प्राण्यांची पाहणी जवळजवळ शतकानंतर पुन्हा केली, तेव्हा निम्म्या जाती सरासरी 500 मीटर वर सरकल्याचं दिसलं. हा निष्कर्ष 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. ग्रिनेल हवामानबदल शोधायला निघाले नव्हते, बरं का. त्यांनी फक्त जागा, तारीख आणि उंची चोख लिहिली होती.

दुसरं उदाहरण रोगाचं. 1993 मध्ये अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात धडधाकट तरुण माणसं श्वास लागून दगावू लागली. कारण निघालं उंदरांमधून पसरणारा हंटाव्हायरस. हा विषाणू नवा की जुना? न्यू मेक्सिको विद्यापीठाच्या संग्रहात आधीच्या वर्षांतल्या उंदरांचे गोठवलेले ऊतक होते. ते तपासल्यावर कळलं, विषाणू आधीपासूनच तिथे होता.

दुसरी गडबड 'फोटो काढून ठेवले आहेत ना' या समजुतीत. ड्यूकपुरतीच ही समजूत नाही, सगळीकडे ऐकू येते. डिजिटल प्रत हवीच. दूर बसलेल्या अभ्यासकाला ती मोठी सोय आहे. पण फोटोतून डीएनए निघत नाही. ब्रिटनमधल्या डेरेक रॅटक्लिफ यांनी 1967 मध्ये बहिरी ससाण्याच्या अंड्यांची कवचं पातळ झाल्याचं दाखवलं, ते डीडीटीच्या आधी आणि नंतर गोळा केलेली अंडी तोलून-मापून. फोटोचं वजन कसं करणार?

तिसरी गडबड आम्हाला सर्वांत गंभीर वाटते. 'नमुने सुरक्षित राहतील, फक्त दुसरीकडे' असं म्हणताना विद्यार्थ्याचा विचारच होत नाही. एका जातीचे शंभर कागद शेजारी शेजारी मांडले की कळतं, पानाचा आकार किती बदलतो आणि तरी जात तीच कशी राहते. ही नजर पुस्तकातल्या एका चित्राने येत नाही. 2012 मध्ये ड्यूकच्याच कॅथलीन प्रायर आणि सहकाऱ्यांनी नेच्यांची एक नवी प्रजाती वेगळी काढून तिला लेडी गागाच्या नावावरून 'गागा' हे नाव दिलं. असं काम जिथे होतं, तिथेच पुढचे वर्गीकरणतज्ज्ञ तयार होतात. जाणकार निवृत्त होताहेत हे कारण म्हणूनच उलटं आहे. त्यांच्या जागा भरणं कोणाच्या हातात होतं?

शिवाय प्रत्येकाने 'दुसरा घेईल' म्हटलं तर घेणारा उरणार कोण? 2017 मध्ये लुइझियाना विद्यापीठाच्या मनरो इथल्या शाखेने धावण्याच्या ट्रॅकच्या विस्तारासाठी लाखो मासे आणि वनस्पतींचा संग्रह हलवायला काही महिन्यांची मुदत दिली. नाहीतर नष्ट करू, असं सांगितलं. इतर संस्था धावून आल्या म्हणून निभावलं. आणि सगळं मोजक्या ठिकाणी एकवटण्यातही धोका आहेच. रिओच्या विद्यापीठाचं राष्ट्रीय संग्रहालय 2 सप्टेंबर 2018 च्या रात्री जळालं, त्यात कीटकांचा प्रचंड संग्रह गेला. हर्बेरियम वाचलं, कारण ते वेगळ्या इमारतीत होतं.

आता आपल्याकडे पाहू. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातलं ब्लॅटर हर्बेरियम 1906 पासून उभं आहे. म्हणजे एखादं कॉलेजसुद्धा शतकभर संग्रह सांभाळू शकतं. पण आपल्या अनेक विभागांत ड्यूकसारखी घोषणा होतच नाही, संग्रह गुपचूप संपतो. बरणीतलं अल्कोहोल उडतं, ते कोणी भरत नाही. पावसाळ्यात कागदाला बुरशी येते, कपाटात किडे शिरतात. लेबल गळून पडतं आणि उरतो तो कुठला, कधीचा हे न कळणारा एक साप. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2014 मध्ये प्राण्यांचं विच्छेदन थांबवल्यापासून तर विद्यार्थ्याला खरा प्राणी दिसतो तो या बरण्यांतच.

आमची मागणी मोठी नाही. प्रत्येक विभागाने नमुन्यांची नोंदवही पूर्ण करावी. संग्रहासाठी एक जबाबदार माणूस आणि वार्षिक खर्चाची एक ओळ अंदाजपत्रकात असावी. नॅकच्या पाहणीत ग्रंथालयाबद्दल विचारतात, तसं या कपाटांबद्दलही विचारावं. ग्रंथालयातलं पुस्तक हरवलं तर दुसरी प्रत मिळू शकते. कोयनेचं धरण होण्याआधी त्या खोऱ्यात खुडलेली एखादी फांदी कुठल्या कॉलेजच्या कपाटात असेल, तर ती पुन्हा खुडायला आता ते रान पाण्याबाहेर नाही.