कायदा गावात पोचल्यानंतर : ‘लाझारो’ आणि आपले लग्नगडी

मराठी समीक्षेत इटालियन सिनेमाचा विषय निघाला की गाडी हमखास डी सिकाच्या ‘बायसिकल थीव्हज’पाशी (१९४८) येऊन थांबते. त्याला कारणही आहे. १९५२च्या जानेवारीत मुंबईत सुरू झालेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात तो दाखवला गेला आणि पुढच्याच वर्षी बिमल रॉय यांचा ‘दो बिघा जमीन’ आला. पण त्या एका सायकलीवर आपण सत्तर वर्षे बसून आहोत. ‘फँड्री’ असो की ‘कोर्ट’, खरी ठिकाणे आणि नवखे चेहरे दिसले की ‘नववास्तववाद’ असा शिक्का मारून आपण मोकळे होतो. एकविसाव्या शतकातला इटालियन सिनेमा मात्र त्या सायकलीवरून केव्हाच उतरला आहे. आलीचे रोरवाखर या दिग्दर्शिकेच्या ‘लाझारो फेलीचे’ (२०१८) या चित्रपटात हे दिसते. पालघर जिल्ह्यातल्या वाचकाला तर तो घरचाच वाटावा.

इन्व्हिओलाता नावाच्या आडगावात काही कुटुंबे एका जमीनदारीणबाईंसाठी तंबाखू पिकवतात. वही कारभाऱ्याच्या हाती. हिशेब कितीदाही झाला तरी देणे उरतेच. इटलीत अर्धेलीचे नवे करार १९६४ मध्ये बंद झाले आणि उरलेले १९८२च्या कायद्याने मोडीत निघाले. पुराने वाट तुटलेल्या या गावाला ते कोणी सांगितलेलेच नाही. रोरवाखर यांना ही कथा एका खऱ्या बातमीवरून सुचली. कान महोत्सवात तिला पटकथेचा पुरस्कार विभागून मिळाला.

आपल्याकडे लग्नासाठी काढलेल्या कर्जापोटी वारली तरुण सावकाराच्या घरी ‘लग्नगडी’ म्हणून राबत असे. गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये ते सविस्तर नोंदवले आहे. १९४५ मध्ये वारल्यांनी याविरुद्ध उठाव केला. १९७६ मध्ये देशभर वेठबिगारी कायद्याने बंद झाली. तरीही १९८२ मध्ये स्थापन झालेल्या श्रमजीवी संघटनेला वसई तालुक्यात वेठबिगार सोडवण्याचे काम करावे लागले. या तालुक्याला कोणत्याही पुराने जगापासून तोडले नव्हते. येथून चर्चगेटला रोज गाड्या जात होत्या. म्हणून चित्रपटातला पूर मला थोडी सोय वाटतो. माणसे कायद्यापासून दूर राहायला रस्ता तुटावा लागत नाही.

पण रोरवाखर यांचे खरे धैर्य पुढे आहे. पोलीस येतात, गावकरी ‘मुक्त’ होतात. एरवी चित्रपट येथे संपला असता. येथे तो अर्ध्यावर आलेला असतो. कड्यावरून पडलेला लाझारो अनेक वर्षांनी तितकाच तरुण उठतो, तेव्हा त्याची माणसे शहराच्या कडेला, रुळांजवळ, एका टाकीत राहत असतात. जमीन मिळालेली नाही; किरकोळ लबाड्यांवर पोट चालते. महामार्गाला भिवंडीचा रस्ता जिथे मिळतो त्या आमच्या चिंचोटीवरून जाणाऱ्याला हे ओळखू येईल. जव्हार-मोखाड्याकडून कुटुंबे वीटभट्ट्यांवर उतरतात, ती बहुधा मालकाकडून उचल घेऊनच. लग्नगड्याचे कर्ज गेले, उचल राहिली.

दुसरी गोष्ट अधिक बोचरी आहे. जमीनदारीण गावकऱ्यांना पिळते आणि गावकरी लाझारोला. जड कामे त्याच्या माथी आणि हाकाही त्यालाच. पिळला गेलेला माणूस आपोआप चांगला होत नाही, हे सत्य आपला कैवारी सिनेमा सहसा बोलत नाही.

तरीही चित्रपटाशी माझा वाद आहे, आणि तो ‘फँड्री’च्या बाजूने आहे. लाझारो आणि जब्या, दोघांकडेही गलोल आहे. लाझारोला ती जमीनदारीणबाईंच्या मुलाने दिलेली. बँकेत लोक तिला शस्त्र समजतात आणि त्याला मारहाण करतात. तो ती उगारतही नाही. जब्याला मात्र शालू हवी आहे, नवे कपडे हवे आहेत, काळी चिमणी हवी आहे. त्याचा शेवटचा दगड थेट आपल्याकडे येतो. लाझारोला काहीच नको असते, म्हणून त्याचे संतपण प्रेक्षकाला स्वस्तात पडते. निरिच्छ गरिबावर प्रेम करणे सोपे असते. हक्क मागणारा गरीब आला की आपण दार लोटतो. परुळेकरांच्या पुस्तकाच्या नावातच फरक सांगितला आहे. लाझारो झोपेतून उठतो, जागा होत नाही.

पण दगडावर ‘फँड्री’ संपतो. ‘कोर्ट’ उठतो तो न्यायाधीशांच्या सुट्टीतल्या डुलकीवर. नारायण कांबळेंचे पुढे काय, हे तिथे कोणी विचारत नाही. दोन्ही शेवट अचूक आहेत. मात्र दगड पडल्याच्या दुसऱ्या दिवशी जब्या शाळेत जातो का, वेठबिगारीतून सुटलेल्या कुटुंबाच्या हाती सुटकेच्या दाखल्याखेरीज काय येते, हा उत्तरार्ध मराठी पडद्यावर अजून यायचा आहे. इटालियन सिनेमाकडून आज काही उसने घ्यायचेच तर सायकल नको. मध्यंतरानंतर थांबून राहण्याची ही चिकाटी घ्यावी. पात्रे आपली आहेतच, आणि ती जागी आहेत.