बेरेटावरचा रोमन पंधरा

संग्राहक बेरेटा १९३४ ची तारीफ करतात ती त्याच्या अस्सल पोलादी, आटोपशीर बांध्यासाठी. बांधा मलाही आवडतो. रचना मात्र तितकी निर्दोष वाटत नाही. शेवटची गोळी सुटली की स्लाइड मॅगझिनच्याच आधाराने मागे अडते. रिकामे मॅगझिन काढताच पुढे येते. नवे घातल्यावर ती पुन्हा ओढायची. याला काटकसर म्हणावे की कुचराई?

पण खरी अडचण स्लाइडवरच्या सनाची. १९३७ शेजारी रोमन पंधरा, म्हणजे मुसोलिनीच्या राजवटीचे पंधरावे वर्ष. संग्राहकाला त्यात केवळ पिस्तुलाचे वय दिसते. ३० जानेवारी १९४८ रोजी बिर्ला भवनात गोळ्या झाडल्या गेल्या त्या याच जातीच्या पिस्तुलातून. ‘सुबक’ हा शब्द मी लिहिला होता, खोडला.