‘नियमन’ आणि ‘मर्यादा’ : एका विद्युत्-साधनाच्या परिभाषेची चिकित्सा

शास्त्रीय परिभाषेची खरी परीक्षा कामाच्या मेजावर होते. दाब बदलता येणारा व प्रवाहास मर्यादा घालणारा रैखिक विद्युत्-पुरवठा हे अशा परीक्षेस योग्य असे साधन होय.

१९५६ पर्यंत वर्धा जिल्हा मध्यप्रदेशात होता आणि डॉ. रघुवीर नागपुरास संस्कृत धातूंवरून परिभाषा घडवीत होते. त्या परंपरेतील शब्दांचे भवितव्य पुलगावलगतच्या नाचणगावसारख्या गावी पाहावे. ट्रान्सफॉर्मरला ‘रोहित्र’ हा शब्द कागदोपत्री राहिला. लोक ‘डीपी’ म्हणतात. ‘भारनियमन’ मात्र घरोघर रुजले, परंतु वीज जाणे या अर्थाने. आता ज्या विद्यार्थ्याला ‘नियमन’ म्हणजे पुरवठा तोडणे असे अनुभवाने ठाऊक, त्याला ‘दाबनियामक’ म्हणजे पुरवठा अढळ राखणारी योजना, हे कसे उमगावे?

‘भार’ शब्दाची अडचण याहून मोठी. पदार्थविज्ञानात विद्युत्-भार म्हणजे चार्ज. येथे तो लोड. शिवाय ‘भार वाढविला’ म्हणजे रोध कमी केला, असा विपरीत व्यवहार या शास्त्रात आहे. संदर्भाने अर्थ कळतो, हा आक्षेप रास्त आहे. तथापि तो जाणत्यापुरताच खरा.

‘मर्यादा’ या शब्दाची परीक्षा आकड्यांनी करावी. समजा, दाब १२ व्होल्ट व मर्यादा १ अँपिअर ठरविली. २४ ओहमच्या भारातून अर्धा अँपिअर वाहतो; दाब स्थिर राहतो. ६ ओहमच्या भाराला २ अँपिअर हवे असतात. परंतु प्रवाह १ अँपिअरवर थांबतो व दाब ६ व्होल्टवर उतरतो. अग्रे परस्परांस टेकली तर दाब जवळजवळ शून्य होतो, प्रवाह मात्र १ अँपिअरच राहतो. म्हणजे ही मर्यादा फ्यूजप्रमाणे प्रवाह तोडीत नाही. ती त्याला स्थिर करते व दाबाला माघार घ्यावयास लावते.

या शब्दाने आणखी एक गोष्ट झाकली जाते. नियामकापूर्वीचा दाब २० व्होल्ट धरल्यास पहिल्या स्थितीत मालिकेतील ट्रान्झिस्टरमध्ये ४ वॅट उष्णता होते. अग्रे टेकल्यावर ती सुमारे २० वॅट होते. जोडलेले उपकरण वाचते, परंतु संकट ट्रान्झिस्टरवर येते. उष्णताशोषक धातुपट्टाची योजना या दुसऱ्या स्थितीसाठीच करावी लागते. ‘मर्यादा’ म्हणजे सर्वत्र सुरक्षितता, असे समजणारा ट्रान्झिस्टर जाळून बसेल.

यास्तव काय अढळ राहते, त्यावरून नाव द्यावे : एका स्थितीस ‘स्थिरदाब’, दुसरीस ‘स्थिरप्रवाह’. चार्जसाठी ‘विद्युत्-भार’ हे पूर्ण पद राखावे व लोडला लोडच म्हणावे. हे शब्द नवे नाहीत आणि त्यांत पांडित्यही नाही. परंतु ते ऐकून चुकीची जोडणी होणार नाही. परिभाषेकडून याहून अधिक अपेक्षा करू नये, आणि याहून कमीवर समाधानही मानू नये.