‘विशेष संदर्भ : सातारा व सांगली’ — थीम पार्कच्या एकत्रित ऑफरचा प्रश्न नीट कसा विचारायचा?

वाणिज्य आणि व्यवस्थापनाच्या सिनॉप्सिसमध्ये एक शीर्षक वेगवेगळ्या कपड्यांत सारखं भेटतं. ‘अमुक उद्योगातील विपणन-ऑफरचा ग्राहकांच्या निर्णयावर होणारा परिणाम : विशेष संदर्भ सातारा व सांगली जिल्हा.’ शिवाजी विद्यापीठाच्या परिसरात वावरला असाल तर शीर्षकाची ही शेपटी तुम्हाला पाठ असेल. गंमत म्हणजे आतल्या दोनशे पानांत सातारा आणि सांगली हे फक्त नमुना कुठून घेतला याच्या तक्त्यात असतात. जिल्हे बदलून लातूर-नांदेड टाकले तरी निष्कर्ष तोच राहतो. मग संदर्भ ‘विशेष’ कसला?

हा आक्षेप आज एका ठोस प्रश्नावर तपासून पाहू. थीम पार्कच्या साखळीने सगळ्या ठिकाणी मिळून एकच ऑफर द्यावी का? म्हणजे एका उद्यानाच्या तिकिटावर दुसऱ्यात सवलत, सगळीकडे चालणारा एक वार्षिक पास, किंवा एकच कूपन कोड. पाठ्यपुस्तकी उत्तर ‘हो’ असं आहे. माझं म्हणणं असं, की सातारा-सांगलीचा संदर्भ खरोखर मनावर घेतला तर ते उत्तर बऱ्यापैकी ढासळतं.

आधी आपल्याकडची साखळी बघा. खोपोलीजवळचं इमॅजिका २०१३ मध्ये सुरू झालं. पुढे त्यात वॉटर पार्क, हॉटेल आणि स्नो पार्क आले. कर्जाचं ओझं वाढलं आणि २०२२ मध्ये कंपनी संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे गेली. या समूहाची शिर्डी आणि लोणावळा इथली ‘वेट अँड जॉय’ ही वॉटर पार्क आणि शिर्डीतलं ‘साई तीर्थ’ आधीपासून चालू होतीच. म्हणजे एकाच घराकडे खोपोली, लोणावळा आणि शिर्डी अशी तीन ठिकाणं आली. एकत्रित ऑफरचा प्रश्न महाराष्ट्रात खऱ्या अर्थाने इथे सुरू होतो. १९८९ चं गोराईचं एस्सेल वर्ल्ड आणि त्याला चिकटून १९९८ मध्ये आलेलं वॉटर किंगडम एकाच आवारात होते, त्यामुळे तिथे ‘ठिकाणांमधलं अंतर’ हा मुद्दाच नव्हता.

आता सिद्धांत. संशोधनाची तयारी करताना हा भाग टाळू नका, कारण परीक्षक इथेच पकडतात. जोडविक्रीचा फायदा कशातून होतो हे जॉर्ज स्टिगलर यांनी १९६३ मध्ये चित्रपटांच्या गठ्ठा-विक्रीच्या खटल्यावर लिहिताना दाखवलं आणि अ‍ॅडम्स व येलेन यांनी १९७६ मध्ये ते पद्धतशीर मांडलं. कल्पना सोपी आहे. समजा (आकडे निव्वळ समजण्यापुरते) एका कुटुंबाला खोपोली माणशी १२०० रुपयांचं वाटतं आणि लोणावळा ५०० चं. दुसऱ्याला खोपोली ६०० चं, लोणावळा ११०० चं. तिकिटं सुटी विकली तर जास्तीत जास्त २३०० मिळतात: खोपोलीला १२०० लावायचे, लोणावळ्याला ११०० लावायचे आणि प्रत्येक ठिकाणी एकेकच गिऱ्हाईक घ्यायचं. दोन्हींचं मिळून १७०० चं तिकीट काढलं तर दोन्ही कुटुंबं घेतात आणि गल्ल्यात ३४०० येतात. आवडी जितक्या उलट, तितका जोडविक्रीचा नफा मोठा. शिवाय पाळणा फिरतोच आहे, त्यात आणखी एक माणूस बसला तर खर्च जवळपास शून्य. म्हणून थीम पार्क हे जोडविक्रीचं आदर्श उदाहरण मानलं जातं.

पटलं ना? आता या दोन कुटुंबांपैकी पहिलं सांगलीत राहायला पाठवा.

सांगलीहून खोपोली तीनशे किलोमीटरच्या पुढे, साताऱ्याहून दोनशेच्या आसपास. गाडीचं भाडं किंवा डिझेल, टोल, वाटेतलं जेवण, आणि सांगलीकरांसाठी बहुधा एक मुक्काम. हा खर्च माणशी ७०० धरला तर १२०० च्या खोपोलीची त्यांच्या लेखी किंमत ५०० उरते. लोणावळा तर ५०० चंच होतं, ते सरळ उणे गेलं. दोन्ही उद्यानं एका दिवसात होत नाहीत, आणि एवढ्या लांबचा दुसरा फेरा त्याच वर्षी कोण करणार? म्हणजे १७०० च्या जोडतिकिटातला लोणावळ्याचा भाग सांगलीकराच्या हातात नुसता कागद आहे. तिकिटं जोडता येतात, रस्ता जोडता येत नाही. अ‍ॅडम्स-येलेन यांच्या मांडणीत गिऱ्हाईक दुकानाच्या दारात उभं असतं. विशाल द्रव्यराशी एका बाजूला आणि डिझेल दुसऱ्या बाजूला, असा प्रश्नच तिथे येत नाही. डिस्नीलँडच्या प्रवेशमूल्यावरचा वॉल्टर ओय यांचा १९७१ चा गाजलेला लेख वाचा (जरूर वाचा, अर्थशास्त्रात इतकं खेळकर शीर्षक क्वचित मिळतं). त्याचाही सगळा भर फाटकाच्या आतल्या किमतींवर आहे.

फाटकाबाहेरचा खर्च मोजायची रीत मात्र याहून जुनी आहे. हॅरल्ड हॉटेलिंग यांनी १९४७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान खात्याला एका पत्रातून सुचवलं, की उद्यानाभोवती अंतराची वर्तुळं काढा, प्रत्येक पट्ट्यातून किती लोक येतात आणि येण्याला किती खर्च करतात ते पाहा. मागणीचा आलेख त्यातून आपोआप मिळेल. पुढे मॅरियन क्लॉसन यांनी हे प्रत्यक्षात आणलं. प्रवासखर्च पद्धत ती हीच. सातारा हा एक पट्टा, सांगली हा पुढचा. तुमच्या शीर्षकातली शेपटी इथे पहिल्यांदा कामाला लागते: हे दोन जिल्हे नमुन्याची सोय म्हणून येत नाहीत, तर त्यांच्यातलं अंतर हेच तुमचं चल आहे.

आता नकाशा मनात आणा. सातारकर पुण्यावरून निघाला की आधी लोणावळा लागतं आणि घाट उतरल्यावर खोपोली. मुंबईकराला उलट. उन्हाळ्यात फक्त पाण्यात डुंबायचं असेल, आणि दोन्हीकडे एकच सवलत चालत असेल, तर सातारकराने बोरघाट कशाला उतरायचा? माझा अंदाज असा, की अशी ऑफर सातारा-सांगलीकडून नवीन माणूस आणणार नाही. खोपोलीला जाणारा लोणावळ्यात थांबवेल. एका खिशातून दुसऱ्या खिशात, तेही सवलत देऊन. रोलर कोस्टरसाठी निघालेल्या कॉलेजच्या पोरांवर हा परिणाम होणार नाही, कारण ते निघालेत ते खोपोलीच्याच कोस्टरसाठी. म्हणजे तीच दोन उद्यानं एका गिऱ्हाइकासाठी पर्याय आहेत आणि दुसऱ्यासाठी नाहीत. प्रश्नावलीत ‘तुम्हाला एकत्रित ऑफर आवडेल का?’ असं विचारलंत तर दोघेही ‘पूर्णपणे सहमत’वर टिक करतील. फुकट मिळत असेल तर कोण असहमत होईल?

शिर्डीची गोष्ट वेगळी आहे. आपल्याकडून शिर्डीला गाडी निघते ती दर्शनाला. आजी-आजोबा, शेजारी, जमलं तर शनिशिंगणापूर. साई तीर्थ हे त्या फेरीतलं वाढीव थांबणं आहे. खोपोलीला जाणारा गट निराळा, ठरवणारा माणूस निराळा, महिना निराळा. शिर्डीच्या तिकिटामागे खोपोलीचं कूपन छापलं तर कंपनीचं फारसं नुकसान नाही, पण फायदाही किरकोळ. ते कूपन आजीच्या पिशवीत अंगाऱ्याच्या पुडीबरोबर घरी येईल आणि नातवाला दिवाळीच्या साफसफाईत सापडेल.

आणि शाळा. सातारा-सांगलीहून अशा उद्यानांकडे जाणाऱ्यांत शालेय सहलींना धरलं नाही तर अभ्यास अर्धाच राहतो. इथे निर्णय मुख्याध्यापक आणि सहलीचे सर घेतात, गाडी बहुधा एसटीची, हंगाम थंडीचा, आणि सहल वर्षातून एक. २०१६ मध्ये मुरुडच्या समुद्रात पुण्याच्या महाविद्यालयातले विद्यार्थी बुडाले, त्यानंतर पाण्याच्या जागांबाबत शाळा जास्तच सावध झाल्या. अशा सरांपुढे ‘थीम पार्कच्या तिकिटावर आमच्या वॉटर पार्कला निम्म्यात या’ ही ऑफर ठेवून पाहा. थंडीत पाणी नको, जोखीम नको, आणि दुसरी सहल तर नाहीच. त्यांना हवं असतं ते शिक्षकांचं तिकीट माफ, जेवण धरून एकच दर आणि गाडी उशिरा पोचली तरी प्रवेश.

परदेशी उदाहरणांबद्दल एक सांगतो, कारण ‘संदर्भ साहित्याचा आढावा’ या प्रकरणात ती न चुकता येतात. ब्रिटनमध्ये मर्लिन कंपनीचा एकच पास ऑल्टन टॉवर्स, थॉर्प पार्क, चेसिंग्टन, लेगोलँड विंडसर अशा अनेक ठिकाणी चालतो. अमेरिकेत सिक्स फ्लॅग्ज आणि सीडर फेअर जुलै २०२४ मध्ये एकत्र आल्या आणि पुढच्याच हंगामासाठी सगळ्या उद्यानांत चालणारा जोडपास विक्रीला आला. उदाहरणं खरी आहेत, पण ती उचलताना भूगोलही उचला. थॉर्प पार्क, चेसिंग्टन आणि विंडसर ही तिन्ही लंडनच्या आसपास आहेत. एका घरातली माणसं शनिवारी इकडे आणि पुढच्या महिन्यात तिकडे जाऊ शकतात. असं घर आपल्याकडे पिंपरी-चिंचवडमध्ये किंवा पनवेलमध्ये सापडेल. तासगावात नाही.

आपल्या देशातलं वंडरला जास्त उपयोगाचं आहे. कोची २०००, बंगळूर २००५, हैदराबाद २०१६, भुवनेश्वर २०२४: उद्यानं इतकी दूर, की एकाने दुसऱ्याचं गिऱ्हाईक खाण्याची भीती जवळजवळ नाही. पण म्हणूनच जोडपासाचा फायदाही नाही. तिथे साखळी एकत्र वापरते ती नाव, बुकिंगची व्यवस्था आणि सुरक्षिततेबद्दलचा विश्वास. ओणमची ऑफर मात्र कोचीलाच शोभते. आपल्या दोन जिल्ह्यांतही हाच धडा चालेल. सांगलीच्या द्राक्षपट्ट्यात हातात पैसा येतो तो फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये, ऊसपट्ट्यात गाळपाच्या बिलांप्रमाणे. साताऱ्याची तर आणखी एक गंमत: शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याची गर्दी महाबळेश्वर-पाचगणीकडे उलट वाहत असते आणि वाई-पाचगणी भागातल्या अनेक घरांचा तोच धंद्याचा दिवस. त्यांच्यासाठी वीकएंड ऑफर म्हणजे नेमकी जाता न येणारी ऑफर.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. जाहिरात, नाव, बुकिंग एकत्र ठेवावं. सवलत एकत्र ठेवू नये. मुंबई-पुण्याच्या पट्ट्यात जोडपास ठेवायला हरकत नाही. सातारा-सांगलीसाठी पैसे खर्चायचेच असतील तर ते प्रवासावर आणि गटावर खर्चावेत. नाहीतर ज्याला दोन्ही उद्यानं जवळ आहेत त्यालाच सवलत मिळते, आणि सर्वात जास्त खर्च करून येणारा पूर्ण दर भरतो.

हे सिद्ध कसं करायचं? तीन खड्डे आधी दाखवून ठेवतो. पहिला, फाटकावर प्रश्नावली भरून घेणं. तिथे आलेलेच भेटतात. खर्च परवडला नाही म्हणून विट्यातच राहिलेला माणूस तुमच्या नमुन्यात कधीच येणार नाही, आणि तुमचा प्रश्न नेमका त्याच्याबद्दल आहे. दुसरा, किती कूपनं वापरली गेली यालाच परिणाम समजणं. वापरणाऱ्यांतले किती जण कूपन नसतं तरी आले असते, हे कळल्याशिवाय तो आकडा फक्त सवलतीचं बिल सांगतो. तिसरा, साताऱ्यात ऑफर आणि सांगलीत नाही असा प्रयोग आखून दोन्हींतला फरक मोजणं. कागदावर छान दिसतं, पण कराडमध्ये आलेला कोड व्हॉट्सअ‍ॅपवरून संध्याकाळपर्यंत विट्यात पोचतो. शिवाय दोन्ही जिल्ह्यांचा आधीचा कल समांतर होता हे दाखवावं लागेल, आणि त्यात टाळेबंदीतली बंद उद्यानं आणि २०२२ चा मालकीबदल आडवे येतात. २०१९ आणि २०२३ ची सरळ तुलना केलीत तर ऑफर सोडून बाकी सगळ्याचा परिणाम मोजाल.

सुरुवात कुठून? इमॅजिका आणि वंडरला या दोन्ही कंपन्या शेअर बाजारात नोंदलेल्या आहेत, त्यामुळे वार्षिक अहवाल खुले आहेत. वंडरला तर गुंतवणूकदारांसाठी उद्यानवार पाहुण्यांचे आकडे देते. तिमाहीवार तक्ता मांडा, हंगाम ओळखू येईल. पण या कागदांत तासगाव किंवा कोरेगाव हा रकाना नसतो. तो तुम्हाला भरावा लागेल: उद्यानापासून लांब, सातारा आणि सांगलीच्या बसस्थानकांवर, शाळांच्या स्टाफरूममध्ये, सहलीच्या गाड्या भाड्याने देणाऱ्यांच्या वहीत. पहिला प्रश्न ऑफरचा नको. ‘गेल्या वर्षी घरातून मौजेसाठी कुठे गेलात, कुणाबरोबर, आणि गाडीला किती लागले?’ इथून विचारायला लागा.