बेण्याची रॉयल्टी कोण भरणार?

विद्यापीठांनी संशोधनावर कमाई करावी, प्राध्यापकांनी कंपन्या काढाव्यात, हा उपदेश आता सगळीकडून ऐकू येतो. २०१६ पासून निघणाऱ्या राष्ट्रीय क्रमवारीत पेटंटांना गुण मिळतात. २०२१ मध्ये शिक्षणसंस्थांसाठी पेटंटचे शुल्क ८० टक्क्यांनी उतरवले गेले. मग अर्ज वाढणारच. आमचा आक्षेप पेटंटला नाही, या मोजपट्टीला आहे. तिची परीक्षा घ्यायला शिरूर आणि दौंड तालुक्यांतला ऊस पुरेसा आहे.

भीमा आणि घोड नद्यांच्या काठी उसाच्या दोन जातींची नावे सर्वांच्या तोंडी आहेत : ८६०३२ आणि २६५. पहिलीचे मूळ कोइमतूरच्या ऊस पैदास संस्थेत. नावातले ८६ हे सालाचे, म्हणजे १९८६ चे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या पाडेगाव केंद्रातून ती १९९६ मध्ये 'नीरा' या नावाने महाराष्ट्राला मिळाली. 'फुले २६५' ही पाडेगावची, २००७ ची. क्षारपड जमिनीतही ती तग धरते. एका नावामागे दहा-बारा वर्षांची निवड असते, हे मुलांना जरूर सांगावे.

आता कमाईचे पाहू. ऊस बियाण्याने नव्हे, कांडीने लावतात. एका गुंठ्याच्या बेण्यात साधारण दहा गुंठे लागण होते. म्हणजे तीन वर्षांत एका गुंठ्याचे हजार गुंठे, पंचवीस एकर. (वर्गात हे गणित जरूर करून घ्यावे.) पाडेगावहून मूलभूत बेणे एकदा बाहेर पडले, की पुढचा प्रवास बांधावरून होतो : पाहुण्याकडून पाहुण्याकडे, ट्रॉली भरून. भारतीय पेटंट कायद्यात वनस्पतींच्या जातींना पेटंट नाही. २००१ च्या पीक वाण संरक्षण कायद्याने पैदासकाराला हक्क दिले, पण शेतकऱ्याने बेणे राखावे, लावावे, द्यावे, विकावे, याची मुभाही कायम ठेवली. फक्त संरक्षित वाण ब्रँड लावून विकायचे नाही.

नव्या उद्योगांचे म्हणाल, तर तेही निघाले आहेत. एका डोळ्याची रोपे ट्रेमध्ये वाढवून विकणाऱ्या रोपवाटिका आज गावोगावी दिसतात. क्रमवारीच्या तक्त्यात मात्र त्यांना विद्यापीठातून निघालेली कंपनी म्हणण्याची सोय नाही.

अमेरिकेत कलमाने वाढणाऱ्या झाडांना १९३० पासून पेटंट मिळते. मिनेसोटा विद्यापीठाने १९९१ मध्ये 'हनीक्रिस्प' सफरचंद आणले आणि कलमांवरच्या स्वामित्वधनातून एक कोटी डॉलरहून अधिक मिळवले. तिथे दृष्टान्त संपवणे सोयीचे आहे, पण गोष्ट पुढे जाते. २००८ मध्ये पेटंटची मुदत संपली. नंतरच्या 'स्वीटँगो' या जातीचे हक्क विद्यापीठाने एका गटाला देऊन टाकले, आणि २०१० मध्ये त्याच राज्यातले बागायतदार विद्यापीठाविरुद्ध कोर्टात गेले. ज्यांच्या करांवर विद्यापीठ चालते, त्यांनाच तिथली जात लावण्या-विकण्यावर बंधने! तसाच करार २६५ चा झाला असता, तर दौंडच्या क्षारपड पट्ट्यातल्या किती शेतकऱ्यांना तिचे बेणे मिळाले असते?

तरीही 'ज्ञान फुकट असावे' एवढे म्हणून आम्हाला सुटता येणार नाही. पाडेगावच्या वाफ्यांना पाणी लागते, मजुरी लागते, आणि हा पैसा सरकारी अनुदानातून येतो. ते आटले की पुढची जात लांबते. पैसा गोळा करायचाच, तर बेण्यावर नको, वजनकाट्यावर करावा. शेतातले बेणे मोजता येत नाही, काट्यावरचा टन न् टन मोजला जातो. मांजरीच्या वसंतदादा साखर संस्थेला सभासद कारखाने गाळपावर वर्गणी देतातच. कृषी विद्यापीठाच्या जातींवर चालणाऱ्या कारखान्यांनी पाडेगावलाही टनामागे काही द्यावे, यात अशक्य काय आहे? शेतकरी म्हणेल, 'आमच्या बिलातून आणखी एक कपात!' त्याचे बरोबर आहे. म्हणून ही रक्कम ऊसबिलातून न कापता कारखान्याच्या साखर-विक्रीतून काढावी लागेल, आणि २६५ चा उतारा कमी म्हणून नाक मुरडणारे कारखाने त्याला पहिला विरोध करतील.